बाबांची एक पारदर्शक प्रत

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या हातात कुणाचा तरी जबडा होता.

सकाळचे आठ वाजले होते. लिफ्टमध्ये मी, औषधांची एक ढकलगाडी आणि कोपऱ्यात काखेत ओली छत्री धरून उभा असलेला एक उंच माणूस. जबडा खालचा, पांढराशुभ्र, प्लास्टिकचा. बाजारात फळ निवडताना ते फिरवून बघावं तसा तो जबडा फिरवून बघत होता, आणि छत्रीचं पाणी माझ्या बुटावर ठिबकत होतं.

चौथ्या मजल्यावर मी बाहेर पडले. तोही पडला. सीटी स्कॅनच्या खोलीपर्यंत माझ्या मागोमाग आला आणि दारावरची पाटी वाचून म्हणाला, "परवाचा जबड्याचा स्कॅन इथं कुणी केला?"

"मी."

"मग हे तुमचं." त्यानं जबडा माझ्यासमोर धरला. "जिना."

मी नीट पाहिलं. हाडाच्या गोलाईवर खरंच पायऱ्या होत्या, एकाखाली एक, मुंगीला सहज उतरता येईल अशा. त्याचं म्हणणं असं की स्कॅन म्हणजे माणसाचे काप. ते काप एकावर एक रचूनच त्याचं यंत्र अवयव छापतं. बटाट्याचे जाड काप रचून पुन्हा बटाटा उभा केला तर तो असाच पायऱ्यापायऱ्यांचा होणार. मी पाच मिलीमीटरचे काप पाठवले होते, त्याला एक मिलीमीटरच्या आतले हवे होते. मी सांगितलं की डॉक्टरांना वाचायला जाडच सोयीचे पडतात, आणि पातळ हवे होते तर तसं लिहायचं. तो म्हणाला, लिहिलं होतं. मी कागद काढून पाहिला. लिहिलं होतं. लाल शाईनं, खाली दोन रेघा मारून.

"पुढच्या वेळी हिरव्यानं लिहा," मी म्हणाले. "इथं लाल रंगाला कुणी भीत नाही."

तो हसला. हातातला जबडाही त्याच्याबरोबर हसल्यासारखा वाटला, आणि मग मलाही राहवलं नाही.

यंत्राच्या पोटात स्कॅनची मूळ माहिती आठवडाभर तशीच असते, त्यामुळे रुग्णाला पुन्हा न बोलावता त्यातून पातळ काप काढता येतात. काम चार मिनिटांचं. ती चार मिनिटं तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. दोन महिन्यांपूर्वी इस्पितळानं त्याला तळघरात एक खोली दिली होती हे मला तेव्हा कळलं. शस्त्रक्रियेआधी सर्जननं रुग्णाचा अवयव हातात घेऊन बघावा, त्यावर हात बसवावा, म्हणून तो ते अवयव छापून देत असे. दुसऱ्या दिवशी फोन आला. "चौथा मजला का?" आवाज ओळखून मी म्हणाले, "बोला, तळघर." ती नावं तशीच पडली.

त्यानंतर मी विसरायला लागले.

एरवी माझी स्मरणशक्ती चांगली आहे. वाचलेल्या पुस्तकातलं वाक्य डाव्या पानावर होतं की उजव्या, तेही मला आठवतं. पण पातळ काप तळघरात पाठवायचे मात्र दर दोन-तीन दिवसांनी राहून जायचे. मग तो पाच मजले चढून वर यायचा, दाराला टेकून उभा राहायचा आणि अगदी गंभीरपणे म्हणायचा, "मांडीचं हाड अडलंय." मी तितक्याच गंभीरपणे दिलगिरी व्यक्त करायची. चार मिनिटं. कधी कधी सहा, कारण यंत्र… हळू चालायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला खाली नेलं. तळघर म्हणजे मला कोंदट, अंधारं वाटलं होतं. प्रत्यक्षात ती खोली माझ्या खोलीपेक्षा उजळ होती, उबदार, स्पिरिटच्या वासाची. एका यंत्रात प्लास्टिकचा तापलेला धागा थरावर थर देत कुणाच्या तरी कमरेचं हाड विणत होता. दुसऱ्यात चिकट द्रवाचा हौद होता. प्रकाश पडेल तिथं द्रव घट्ट व्हायचा आणि त्यातून उलटी टांगलेली वस्तू हळूहळू वर यायची, पाण्यातून कुणी वर यावं तशी. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग त्यानं फळीवरून काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. अक्रोडाएवढं हृदय. माझी बोटं आपोआप आक्रसली.

"घाबरू नका," तो म्हणाला. "याचा मालक आता सात महिन्यांचा आहे. मागच्या आठवड्यात आईच्या कडेवर आला होता. मला लाथ मारून गेला."

त्याचं बोट माझ्या तळहाताला न लागता त्या हृदयातलं भोक दाखवत होतं. न लागण्याची इतकी काळजी कुणी घेतलेली मी पाहिली नव्हती.

आई गेली त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांत मी कामावर जात होते, घरी येत होते आणि वाचत होते, एवढंच. त्या दुपारी वर जाताना लिफ्टमधल्या बाईनं माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की मी गुणगुणते आहे.

बाबांनी ते घरी त्याच दिवशी ओळखलं. बाबा चौतीस वर्षं छापखान्यात मशीनवर होते. यंत्रांच्या धडधडीनं त्यांचे कान बरेच गेले आहेत, पण डोळे शाबूत. मी त्यांना तळघराबद्दल सांगितलं तर त्यांना ते पटेना. शाई नाही, कागद नाही आणि म्हणे छापतात. एका अवयवाच्या किती प्रती काढतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एकच.

"एकाच प्रतीला छपाई म्हणत नाहीत," बाबा म्हणाले. "कसा आहे दिसायला?"

"कोण?"

"अवयव," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्राआड गेले. तेव्हापासून घरात तो 'तुझा छापखानेवाला' झाला.

मग एक दिवस संगणक विभागाचं परिपत्रक आलं. स्कॅनच्या साठ्यातून मूळ माहिती थेट काढून घेण्याची मुभा कुणाकुणाला आहे त्याची यादी. तिसरं नाव तळघराचं. तारीख पाहिली तर आमच्या पहिल्या भेटीच्या आठवड्याचीच. म्हणजे जिन्याच्या जबड्यानंतर त्याला वर येण्याची एकदाही गरज नव्हती. त्या दुपारी तो दाराशी आला आणि म्हणाला की एक मणका अडलाय. मी परिपत्रक पुढे सरकवलं.

त्यानं वाचलं. कान लाल झाले. "पाच मजले चढणं… प्रकृतीला बरं असतं."

"लिफ्ट आहे."

"लिफ्टनं लवकर पोचतो."

मला माझ्या स्मरणशक्तीबद्दल त्याला काही सांगायचं होतं. तो निघाला, दारापर्यंत गेला, तेव्हा मी पाठमोऱ्या त्याला म्हणाले, "मीही विसरत नव्हते." तो वळला नाही. पण जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज आला तो दोन-दोन पायऱ्यांचा होता, चाळिशीला आलेल्या माणसाला न शोभणारा.

त्याच आठवड्यात बाबांच्या पोटात दुखलं. मूतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. खडा नव्हता. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला, महाधमनीला, फुगवटा होता. सहा सेंटीमीटरचा. तो फुटला तर बहुतेकदा इस्पितळात पोचायलाही वेळ मिळत नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आमच्या सर्जन मॅडम बुटक्या, कमी बोलणाऱ्या. बाबांची छाती कमकुवत, पोट उघडणं झेपणार नाही, त्यामुळे जांघेतून एक कापडी नळी आत सरकवून फुगवट्याच्या आतून बसवायची असं त्यांनी ठरवलं. अडचण एकच होती. किडन्यांना रक्त नेणाऱ्या दोन शाखा अगदी फुगवट्याच्या तोंडाशी फुटत होत्या. नळी बसली की त्यांची तोंडं झाकली जाणार. म्हणून नळीलाच दोन भोकं पाडायची, नेमकी त्या तोंडांसमोर येतील अशी. भोक तीन-चार मिलीमीटरनं चुकलं तर एक किडनी जाते. मॅडम ती भोकं स्वतः पाडतात, छापलेल्या महाधमनीत नळी बसवून, बाहेरून बघत. म्हणजे बाबांची महाधमनी तळघरात छापली जाणार होती, आणि त्यासाठीचा स्कॅन व्हायचा होता.

तो माझ्या सहकाऱ्यानं करावा असं मी सुचवलं. बाबांनी साफ नकार दिला. मुलगी असताना परक्यासमोर कशाला आडवं व्हायचं, हा त्यांचा मुद्दा.

पोटाचा स्कॅन चालू असताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर आतलं सगळं हलतं. यंत्रात त्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज आहे, पण तो बाबांना ऐकू येईना. मी तो बंद केला आणि मायक्रोफोन जवळ ओढला. "श्वास घ्या," मी म्हणाले. काचेपलीकडे बाबांची छाती वर आली. पुढचा शब्द रोजचा होता, दिवसातून तीस वेळा बोलायचा. पण मी त्या छातीकडे बघत राहिले. यंत्र सुरू झालं. शब्द निघाला तेव्हा बाबांनी श्वास सोडायला सुरुवात केली होती.

पडद्यावर जाड काप ठीक दिसले. किंचित अस्पष्ट होते, पण वाचता येत होते. मी स्वतःला सांगितलं की ठीक आहे. डॉक्टरांनीही पास केले. पातळ काप मी त्या दिवशी न विसरता पाठवले.

तीन दिवसांनी तो वर आला. या वेळी दाराला टेकला नाही. आत आला, दार लावलं आणि खिशातून कापडात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्या हातात दिली. पारदर्शक, काचेसारखी, वीतभर लांब, मधे फुगलेली, दोन बाजूंना दोन शाखा. माझे बाबा. मला वाटलं होतं की मी ती बघू शकणार नाही. पण ती विलक्षण सुंदर होती.

"डावीकडच्या शाखेच्या तोंडाशी बोट फिरवा," तो म्हणाला.

मी फिरवलं. भिंत गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एक कड. नखाला अडेल एवढी. जणू वरचा भाग एका माणसाचा आणि खालचा दुसऱ्याचा, आणि जोडताना ते सरकले होते.

"ही कड त्यांच्या शरीरात नाही," तो हळू म्हणाला. "इथं बाबांनी श्वास सोडला असावा."

"नाही," मी म्हणाले. "इथं मी गप्प बसले."

मग मी त्याला सांगितलं. आईच्या शेवटच्या दोन रात्री मी तिच्या उशाशी बसून तिचे श्वास मोजत होते. एक झाला की दुसरा येईपर्यंत थांबायचं. कुणाला श्वास रोखा म्हणायची मला तशी भीती वाटत नाही, रोज म्हणते. बाबांना म्हणता आलं नाही. एवढंच. मी रडले नाही. तोही समजूत घालणारं काही बोलला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची फार ऋणी आहे. तो म्हणाला की मॅडमना अजून काही कळवलेलं नाही. ते मीच सांगितलेलं बरं, आणि हवं तर तो बाहेर थांबेल.

मी मॅडमना सांगितलं. सगळं, आईसकट. त्यांनी ती कड स्वतःच्या नखानं तपासली. मोजपट्टी लावली. चार मिलीमीटर. "याच्यावर मी भोक पाडलं असतं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मंगळवारी पुन्हा कराल? तुम्हीच?"

मी हो म्हणाले. स्कॅनसाठी शिरेतून दिलेल्या रंगद्रव्याचा किडन्यांवरचा ताण उतरायला तेवढे दिवस हवेच होते.

मंगळवारी तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. बाबांना मी खरं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले की पहिल्या प्रुफात चुका राहतातच, त्या पकडण्यासाठीच प्रूफ काढतात. टेबलावर झोपल्यावर त्यांनी मान वळवून काचेतून माझ्या मागं पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "हाच का तो?" मायक्रोफोन चालू होता. बाहेर रांगेत बसलेल्यांनीही ऐकलं असणार.

"हाच," मी मायक्रोफोनमध्ये म्हणाले. मागं कुणीतरी खोकलं.

मग मी बटणावर बोट ठेवलं. "बाबा, श्वास घ्या." छाती वर आली. "रोखा."

तो शब्द खोलीभर घुमला. बाबांनी रोखला. एक, दोन, तीन… यंत्र फिरत होतं, टेबल सरकत होतं, आणि माझ्या मागं उभ्या माणसानंही श्वास रोखून धरला आहे हे मला ऐकू न येणाऱ्या श्वासावरून कळत होतं. अकरा, बारा. "सोडा." तिघांनीही सोडला. पडद्यावर डावी शाखा उमटली, पेन्सिलनं रेखल्यासारखी, आणि मी न वळता हात मागे नेला. तो त्यानं धरला. या वेळी न लागण्याची काळजी कुणीच घेतली नाही.

"माझं झालं असेल तर मला कपडे द्या कुणीतरी," आतून बाबा म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाबा स्ट्रेचरवर होते आणि तो नवी प्रत निर्जंतुक पिशवीत घेऊन शेजारून चालत होता. प्रूफ नीट तपासलंस ना, असं बाबांनी विचारलं. त्यानं सांगितलं, दोनदा. बाबांनी मान डोलावली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, फार वेळ नाही, आणि त्या दोघांमागं दारं बंद झाली.

मॅडमचा एक नियम आहे. आत काय झालं ते नातेवाइकांना फक्त त्या सांगतात. पूर्वी कधीतरी एक नर्स घाईनं 'सगळं छान' म्हणून गेली होती आणि पाच मिनिटांत ते छान राहिलं नव्हतं. तेव्हापासून आतून आलेला प्रत्येक माणूस तोंड मिटून जातो. मी इथलीच कर्मचारी असले तरी त्या दिवशी बाकावरची नातेवाईक होते. साडेतीन तास मी पिण्याच्या पाण्याच्या यंत्राची गुडगुड ऐकली. पुस्तक आणलं होतं, ते उघडलं नाही.

पावणेबाराला दार उघडलं आणि तो बाहेर आला. कपाळावर टोपीचा वळ, मास्क गळ्यात. मी उभी राहिले. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळावं म्हणून पाहिलं तर त्यानं नजर खाली वळवली.

"मॅडम येतायत," तो म्हणाला. "मला आतलं काही बोलता येणार नाही."

"माहीत आहे."

"पण माझं स्वतःचं…" तो अडखळला. "माझं स्वतःचं बोलायला मनाई नाहीये. बोलू?"

मी मान हलवली असावी.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," तो म्हणाला. "म्हणजे… रोज संध्याकाळी तुम्ही कुठं आहात याचा विचार करत बसण्यापेक्षा मला तिथंच असायचंय, तुमच्या शेजारी. मला फार आवडता तुम्ही. हे मला चांगलं बोलायचं होतं, तिथं उभा राहून साडेतीन तास जुळवलं होतं, आणि आता सगळं सांडलं."

एखाद्या मिनिटात या बाकावर वाईट बातमी येणार असती तर हा माणूस हे वाक्य आज बोलला नसता. उद्याही नसता. कदाचित वर्षभर नसता. आई गेल्यापासून आवरून धरलेलं पाणी माझ्या डोळ्यांतून वाहायला लागलं, आणि मी त्याच वेळी हसत होते.

"तुम्ही नियम मोडलात," मी म्हणाले.

"एक शब्दही नाही मोडला," तो म्हणाला. पण त्याचे कान लाल होते.

तेवढ्यात मॅडम आल्या. नळी बसली होती. दोन्ही भोकं नेमकी आली होती, दोन्ही किडन्यांना रक्त जात होतं, गळती नव्हती. तासाभरात बाबा शुद्धीवर येतील. हे सगळं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं, मग माझा ओला चेहरा पाहिला आणि त्याच्याकडे वळल्या. "यांना काही सांगितलंत का तुम्ही?"

"नाही मॅडम," मीच म्हणाले. "त्यांनी मला विचारलंय. लग्नाचं."

मॅडमनी हातमोजे काढले, एक, मग दुसरा. "मग उत्तर द्या लवकर. मला दोन वाजता यांच्याकडून एक कवटी हवीय."

मी उत्तर दिलं. ते मॅडमनी ऐकलं, बाकावरच्या दोन अनोळखी बायकांनी ऐकलं, आणि तासाभरानं शुद्धीवर आल्या आल्या बाबांच्या कानाशी वाकून मी ते पुन्हा एकदा, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.